ओळखीची अंगठी

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मंगळवारी सकाळी टिटवाळा स्टेशनाबाहेर घटकाभर उभं राहिलं, की जाहिरातीचं निम्मं शास्त्र फुकटात शिकायला मिळतं. लोकल थांबते, माणसं भराभरा उतरतात आणि दुर्वा-जास्वंदीच्या टोपल्या घेऊन बसलेल्या बायकांच्या हाका सुरू होतात. 'दादा, जुडी घ्या', 'ताई, आत्ताच खुडलीय'. रिक्षावाल्यांचा 'मंदिर, मंदिर' असा गजर वेगळाच. मी बरीच वर्षं या गावात राहतो आणि एक गोष्ट पाहत आलोय. सगळ्यांत मोठ्यानं ओरडणारीची टोपली सगळ्यांत आधी रिकामी होते, असं काही नाही. कोपऱ्यात बसणारी एक म्हातारी बाई हाकच मारत नाही. ती येणाऱ्याकडे बघून विचारते, 'मागच्या अंगारकीला लेक होती बरोबर, ती नाही आली?' झालं! तो माणूस तिथंच थांबतो.

आज मला बोलायचं आहे ते समाजमाध्यमांवरून आपला धंदा किंवा आपलं काम लोकांपर्यंत नेण्याबद्दल. तुम्ही म्हणाल, कवीचा आणि धंद्याचा काय संबंध? संबंध दुहेरी आहे. एक तर मी माझे कवितासंग्रह स्वतःच विकलेत, म्हणजे विकायचा प्रयत्न केलाय. दुसरं म्हणजे, माझ्या शेजारच्या घरात एक धंदा मोबाइलवर उभा राहिला, मोबाइलवरच एका रात्रीत बुडायला आला आणि एका वहीनं वाचवला. ते सगळं मी जवळून पाहिलं. ती हकिकत सांगण्यासाठीच आज हा विषय घेतलाय.

शेजारच्या घरात वहिनी आणि त्यांची सून राहतात. वहिनींच्या हातच्या उकडीच्या मोदकांना आमच्या आळीत तोड नाही. अंगारकीला कुणी अकरा, कुणी एकवीस असे मोदक घरी येऊन घेऊन जायचे. सूनबाई शिकलेली. ती एक दिवस माझ्याकडे आली आणि म्हणाली, 'चाचा, मी मोदकांचं इन्स्टाग्रामवर पान काढलंय. चार ओळी चांगल्या लिहून द्या.' मी कवी माणूस, दिल्या चार यमकदार ओळी. कुणी वाचल्यासुद्धा नाहीत.

मग पोरीनं स्वतःच्या डोक्यानं सुरुवात केली. ट्यूबलाइटखाली काढलेल्या फोटोत मोदक पिवळट दिसायचे. ती सकाळी खिडकीपाशी ताट ठेवून फोटो काढू लागली. माझ्या ओळी काढून टाकल्या आणि साध्या भाषेत लिहिलं : एका मोदकाची किंमत इतकी, ऑर्डर आदल्या दिवशी संध्याकाळी सहापर्यंत, टिटवाळ्याहून कल्याणपर्यंत कुठल्याही स्टेशनवर आणून देऊ, फोन नंबर हा. पंधरा दिवसांत फोन वाजायला लागला. मला त्यातून एक धडा मिळाला. गिऱ्हाइकाला चार गोष्टी हव्या असतात : वस्तू काय, कितीला, कुठं आणि केव्हा. या चारांतली एक जरी राहिली तरी 'किंमत सांगा' असे शंभर निरोप येतात आणि तेवढ्यात पुढचं दुकान माल विकून मोकळं होतं.

वहिनींची पाळत होती ती वहीवर. दोनशेपानी, लाल पुठ्ठ्याची. प्रत्येक ऑर्डर त्या पेन्सिलीनं लिहीत. 'डोंबिवली पूर्व, एकवीस, गूळ कमी.' 'शहाड, अकरा, वेलची नको, नातवाला चालत नाही.' पुढं फोन नंबर. सून हसायची, 'आई, हे सगळं मोबाइलमध्ये असतं.' वहिनी म्हणायच्या, 'असू दे. माझ्या वहीला चार्जिंग लागत नाही.'

आता ही माध्यमं चालतात कशी, ते थोडक्यात समजून घेऊ. पुष्कळांना वाटतं, आपल्याला हजार माणसं फॉलो करतात म्हणजे आपण टाकलेलं हजारांना दिसतं. तसं नसतं. तिथं एक संगणकी हिशेब सतत चालू असतो. तुमचा फोटो किंवा व्हिडिओ आधी थोड्या लोकांपुढं ठेवला जातो. ती माणसं थांबली, शेवटपर्यंत बघत राहिली, कुणी काही विचारलं, कुणी मैत्रिणीला पाठवलं, तर तो आणखी काहींना दाखवला जातो. त्यांनी अंगठ्यानं वर सरकवला, की तिथंच विझतो. कारण या कंपन्यांची कमाई जाहिरातींवर आहे आणि माणसं जितका वेळ पडद्यासमोर बसतील, तितक्या जाहिराती दिसणार. तुमचे मोदक विकले जाताहेत की नाही, याच्याशी त्या हिशेबाला कर्तव्य नाही.

पैसे भरून जाहिरात करता येते. ती किती किलोमीटरच्या परिसरात, कोणत्या वयाच्या लोकांना दाखवायची, हेही ठरवता येतं. सूनबाईनं पहिल्यांदा पाचशे रुपये भरले आणि सगळा महाराष्ट्र निवडला. नागपूरहून विचारणा आली, कोल्हापूरहून आली. कौतुकाचा पाऊस पडला. पण उकडीचा मोदक काही नागपूरपर्यंत टिकत नाही! दुसऱ्या वेळी तिनं फक्त कल्याण आणि आसपासचा भाग निवडला. कौतुक कमी झालं, ऑर्डरी वाढल्या. आपला माल किती लांब जाऊ शकतो तेवढ्याच लांब हाक मारावी, हे पाचशे रुपयांत कळलं. महाग नाही पडलं.

मंडळी, ही सगळी कला आपल्याकडं मोबाइलबरोबर आली, असं मात्र समजू नका. किर्लोस्करवाडीच्या कारखान्यात लोखंडी नांगर तयार होत. शेतकऱ्यापर्यंत त्यांची माहिती न्यायची कशी? १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' नावाचं मासिक सुरू केलं. हेतू कारखान्याच्या मालाची खबर देण्याचाच होता. पण नुसत्या नांगराच्या बढाया वाचायला कोण बसणार? म्हणून त्यात वाचनीय मजकूर येऊ लागला, लेख आले, पुढं कथा आल्या. नावातला 'खबर' हा शब्द कालांतरानं गळून पडला आणि 'किर्लोस्कर' हे मराठीतलं नामांकित मासिक झालं. 'स्त्री' आणि 'मनोहर' ही त्याची भावंडं. आज ज्याला 'कंटेंट' म्हणतात, ती युक्ती आपल्याकडं शंभर वर्षांपूर्वी वापरली गेली होती. आधी लोकांच्या उपयोगाचं, आनंदाचं काही द्या, मग आपलं नाव सांगा. आणि एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. त्या मासिकाच्या वर्गणीदारांची यादी किर्लोस्करांच्या स्वतःच्या ताब्यात होती. हा मुद्दा पुढं लागणार आहे.

आपल्या ठाण्याचंच उदाहरण घ्या. प्राजक्ता कोळी ही ठाण्याची मुलगी. तिला लहानपणापासून रेडिओवर बोलायचं होतं. मुंबईच्या एका एफएम केंद्रावर उमेदवारी केली, कार्यक्रम मिळाला, पण तो चालला नाही आणि बंद झाला. २०१५ मध्ये तिनं 'मोस्टलीसेन' नावाचं यूट्यूब चॅनल काढलं. घरातले आई-बाबा, भाऊ, मैत्रिणी अशी सगळी पात्रं स्वतःच रंगवली. त्यातून पुढं वेबमालिका आली, २०२२ साली हिंदी चित्रपट आला. रेडिओचं दार बंद झालं म्हणून तिचं बोलणं थांबलं नाही. रेडिओवर बोलत असताना हे उदाहरण देताना मला जरा संकोच वाटतो, पण खरं ते सांगितलं पाहिजे.

दुसरं उदाहरण अहिल्यानगर जिल्ह्यातल्या सारोळा कासार गावच्या सुमन धामणे यांचं. सत्तरीच्या आजी. नातवानं, यश पाठकनं, त्यांच्या हातच्या स्वयंपाकाचे व्हिडिओ 'आपली आजी' या नावानं यूट्यूबवर टाकले. लाखो लोक बघू लागले. आजींनी काही वेगळं सोंग घेतलं नाही. घरात बोलतात तशाच बोलल्या, घरात करतात तसंच केलं. पण २०२० च्या ऑक्टोबरमध्ये ते चॅनल चोरांनी ताब्यात घेतलं. काही दिवसांनी ते परत मिळालं, हे नशीब. तोवर त्या घरानं काय सोसलं असेल, याची कल्पना मला तेव्हा आली नव्हती. ती शेजारच्या घरावर तसाच प्रसंग आला तेव्हा आली.

त्याआधी माझी फजिती सांगतो. माझी एक कविता फेसबुकवर तीनशे-साडेतीनशे लोकांना आवडली. मी हुरळलो. पदरचे पैसे घालून संग्रहाच्या पाचशे प्रती छापल्या. वाटलं, तीनशे तर आत्ताच गेल्या! पहिल्या महिन्यात अकरा प्रती खपल्या. ती अकरा माणसं कोण होती, हे मी शोधून काढलं. माझ्या कवितेखाली ज्यांनी काही लिहिलं होतं आणि ज्यांना मी उलट दोन ओळींचं उत्तर दिलं होतं, त्यांतलीच ती होती. अंगठा दाखवणं फुकट असतं. खिशात हात घालायला मात्र ओळख लागते. तेव्हापासून मी एक नेम केला : रोज नवी कविता टाकण्यापेक्षा, आलेल्या प्रत्येक प्रतिसादाला उत्तर द्यायचं. उरलेल्या प्रती चार वर्षांत संपल्या. जलद नव्हे, पण संपल्या.

आता त्या रात्रीबद्दल. अंगारकी मंगळवारी होती. शनिवारी संध्याकाळी सूनबाईला एक फोन आला. समोरचा माणूस मोठा अदबीनं बोलत होता. सोसायटीच्या कार्यक्रमासाठी दोनशे मोदक हवेत, म्हणाला. 'ताई, तुमची ऑर्डर पक्की करायला मी एक सहा आकडी नंबर पाठवलाय, तेवढा वाचून दाखवा.' घाईत होती, हात पिठानं भरलेले. तिनं वाचून दाखवला. तो नंबर ऑर्डरचा नव्हताच. तिचं खातं दुसऱ्या मोबाइलवर उघडण्याची ती किल्ली होती. पाच मिनिटांत ती स्वतःच्याच दुकानाबाहेर उभी राहिली.

चोरानं तिच्या नावानं गिऱ्हाइकांना निरोप धाडले. 'अंगारकीची गर्दी आहे, अर्धी रक्कम आगाऊ भरा' आणि खाली स्वतःचा क्यूआर कोड. फोटो तिचाच, नाव तिचंच. लोकांनी विश्वासानं पैसे भरले. रात्री नऊ वाजता डोंबिवलीच्या एका बाईनं खात्री करायला फोन केला, तेव्हा घरात कळलं. पोर थरथरत माझ्या दारात आली. 'चाचा, माझं नाव गेलं.' पैसे गेले असं म्हणाली नाही. नाव गेलं म्हणाली.

आम्ही आधी १९३० या क्रमांकावर फोन केला. सायबर फसवणुकीची तक्रार तिथं नोंदवतात आणि जितक्या लवकर कळवाल तितका पैसे अडवून धरण्याचा संभव जास्त. मग प्रश्न आला, सगळ्या गिऱ्हाइकांना सावध कसं करायचं? बरेचसे नंबर त्या खात्यातल्या संभाषणांत होते आणि खातं चोराच्या हातात. तेवढ्यात वहिनींनी लाल पुठ्ठ्याची वही आणून माझ्यापुढं ठेवली. एकशे चाळीस नंबर, पेन्सिलीनं लिहिलेले. माझा मोबाइल, माझ्या मुलाचा आणि वहिनींचा, असे तीन फोन घेऊन आम्ही बसलो. 'मी मोदकवाल्या वहिनींच्या घरातून बोलतोय. पैसे भरू नका.' लोक आधी संशयानं ऐकत. मग वहिनी फोन घेऊन म्हणायच्या, 'अहो, मीच. तुमच्या नातवाला वेलची चालत नाही ना?' की पलीकडचा माणूस निवळायचा. वहीतला तो बारीकसा शेरा त्या रात्री कुठल्याही पासवर्डपेक्षा खरा ठरला.

सात जणांनी पैसे भरले होते. थोडे परत आले, बाकीचे गेले ते गेलेच. वहिनींनी त्या सातही घरांना मोदक पोचवले आणि पैसे घेतले नाहीत. त्या अंगारकीला नफा शून्य. पण त्या सातांतली सहा घरं आजही गिऱ्हाईक आहेत. खातं काही दिवसांनी परत मिळालं.

यातून समजायचं ते एवढंच, की समाजमाध्यम म्हणजे जत्रेतली जागा. गर्दी तिथंच असते, म्हणून पाल टाकायला जावंच लागतं. पण जागा आपली नसते. ऑर्कुट आठवतंय? २०१४ च्या सप्टेंबरअखेर ते बंद झालं. २९ जून २०२० रोजी सरकारनं टिकटॉकसह ५९ ॲपवर बंदी घातली. तिचं कारण देशाच्या सुरक्षेचं होतं, पण खेड्यापाड्यांतल्या ज्या पोरांनी तिथं लाखांनी चाहते मिळवले होते, त्यांची ती गर्दी रातोरात नाहीशी झाली. ४ ऑक्टोबर २०२१ च्या रात्री फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप एकाच वेळी सहा तासांच्या आसपास बंद पडले. दुकानाचं शटर कुणीतरी दुसऱ्यानंच ओढलं आणि मालक बाहेर!

मग करायचं काय? काही साध्या गोष्टी सांगतो. पहिली, आपल्या गिऱ्हाइकांची यादी आपल्या हातात ठेवा. वहीत, संगणकात, कुठंही, पण त्या ॲपच्या बाहेर. महिन्यातून एकदा ती ताजी करा. दुसरी, गिऱ्हाइकाला आपला नंबर सेव्ह करायला सांगा. व्हॉट्सॲपवर एकाच वेळी अनेकांना पाठवलेला ब्रॉडकास्टचा निरोप, ज्यांनी तुमचा नंबर जपून ठेवलाय त्यांनाच पोचतो, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. तिसरी, खात्याला दुहेरी कुलूप लावा. सेटिंगमध्ये 'टू-स्टेप व्हेरिफिकेशन' असतं, ते चालू करून स्वतःचा पिन ठेवा. मोबाइलवर आलेला ओटीपी कुणालाही वाचून दाखवू नका. समोरचा कितीही अदबीनं बोलो. आणि यूपीआयवर पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही. कुणी 'पैसे पाठवतो, पिन टाका' म्हणालं, की फोन ठेवून द्या.

चौथी गोष्ट, एकाच जागेवर विसंबू नका. गूगलच्या नकाशावर आपल्या दुकानाची नोंद फुकट करता येते. पत्ता, वेळ, फोन आणि चार खरे फोटो टाका. 'जवळपास मोदक कुठं मिळतील' असं शोधणारा माणूस तिथून येतो. तो करमणुकीसाठी आलेला नसतो, भुकेनं आलेला असतो. तिथं घरच्या माणसांकडून खोटे अभिप्राय लिहवून घेऊ नका. ते वाचणाऱ्याला वासानं कळतात.

पाचवी गोष्ट कायद्याची. खाण्याचा पदार्थ घरातून विकायचा असला, तरी एफएसएसएआयची नोंदणी लागते. ती करा आणि तो क्रमांक डब्यावर छापा. तसंच, उद्या तुम्ही इतके प्रसिद्ध झालात, की दुसऱ्याच्या मालाची शिफारस करायचे पैसे मिळू लागले, तर ही जाहिरात आहे हे स्पष्ट सांगावं लागतं. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं जानेवारी २०२३ मध्ये तशी मार्गदर्शक सूचना काढली. फुकट मिळालेली वस्तूसुद्धा त्यात धरली जाते. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला पहिल्या वेळी दहा लाखांपर्यंत आणि पुन्हा केल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड होऊ शकतो.

नोकरी शोधणाऱ्यांना, गाणाऱ्यांना, चित्रं काढणाऱ्यांना, माझ्यासारख्या कवींनाही हेच लागू आहे. 'मी फार हुशार' असं लिहिण्यापेक्षा केलेलं काम दाखवा. सुतारानं दरवाजा दाखवावा, शिकवणी घेणाऱ्यानं एखादं अवघड गणित पाच मिनिटांत सोडवून दाखवावं. आठवड्यातून दोनदाच टाका, पण ठरल्या दिवशी टाका. आणि रात्री झोपताना किती लाइक आले हे मोजत बसू नका. मी बसलोय, म्हणून सांगतो. झोप जाते आणि दुसऱ्या दिवशीची कविताही.

टिटवाळ्याला एक आख्यायिका आहे. काळू नदीच्या काठी कण्व ऋषींचा आश्रम होता, कण्वांनी शकुंतलेला गणेशाची आराधना करायला सांगितली आणि तिला दुष्यंत परत मिळाला, असं इथली माणसं सांगतात. कालिदासाच्या नाटकाचं नाव 'अभिज्ञानशाकुंतल'. अभिज्ञान म्हणजे ओळख पटवणारी खूण. शकुंतलेची सगळी ओळख एका अंगठीत होती. अंगठी पाण्यात पडली आणि भर दरबारात राजा म्हणाला, मी हिला ओळखत नाही. पुढं ती अंगठी एका कोळ्याला माशाच्या पोटात सापडली आणि राजापर्यंत पोचली. दर वेळी कोळी भेटेलच, असं नाही.

शेजारी आता दोन वह्या आहेत. एक वहिनींची, पेन्सिलीतली. दुसरी सूनबाईची. ती हल्ली रोज रात्री मोबाइलमधल्या ऑर्डरी तिच्यात उतरवून काढते आणि पुढं शेरा लिहिते, 'गूळ कमी', 'वेलची नको'. तुमचा धंदा लहान असो, मोठा असो, की अजून नुसता मनात असो, तुमच्या दहा जुन्या गिऱ्हाइकांची नावं आणि नंबर आज रात्री एका वहीत लिहून ठेवा. बाकीचं उद्यापासून.